आधीचा क्लब

"इंद्रजित साळोखे इथंच राहतात ना?" दारातल्या माणसानं विचारलं.

"न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "असा कोण हितं राहत न्हाई."

त्यांच्या डोक्यावरच खिडकीच्या गजाला इंद्रजितचे बूट नाडीनं टांगलेले होते. आतल्या भिंतीवर चषक हातात घेतलेला, गुलालानं माखलेला इंद्रजित हसत होता. त्या माणसानं बुटांकडं पाहिलं, फोटोकडं पाहिलं, मग सासूबाईंच्या तोंडाकडं पाहिलं. "बरं," म्हणाला आणि बॅग सावरत पायरी उतरला.

मी आत माझ्या लेकीला, सईला, मांडीवर घेऊन बसले होते. "आई, कोण होतं हो?"

"बुरुजवाल्यांचा माणूस. ह्या आठवड्यात दुसरं कोण येतंय? औंदा परगावचं मराठी बोलणारा धाडलाय. शहाणी झाल्यात."

माझ्या लग्नाला तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. मी मिरजेची. आमच्याकडं संध्याकाळी माणसं गाणं ऐकायला जात, कोल्हापुरात पेठेत आले तर इथं सगळं आयुष्यच फुटबॉलभोवती फिरायचं. तालीम म्हणजे खरं तर कुस्तीची जागा, पण आमच्या पिंपळकट्टा तालमीत लाल मातीच्या हौद्याशेजारीच फुटबॉलच्या जाळ्या ठेवलेल्या असत. पेठ वर्गणी काढायची, सराफ जर्सी द्यायचा आणि बक्षिसाचे पैसे आले की ते बाहेरून आणलेल्या दोन-तीन खेळाडूंच्या मानधनात जायचे. घरच्या पोराला मात्र नारळ, प्रवासी बॅग आणि जिंकल्यावर तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची पंगत. घरच्यानं पैसे मागायचे नसतात, असं सगळ्यांनीच धरलेलं. माझे सासरे, आप्पा, त्या संघाचे प्रशिक्षक होते आणि माझा दीर इंद्रजित त्यांचा सगळ्यात चांगला खेळाडू.

हंगामाआधी नोंदणीचा आठवडा असायचा. यंदा कोण कुणाकडून खेळणार याची सही प्रत्येकानं जिल्हा फुटबॉल संघटनेच्या कचेरीत जाऊन करायची. एकदा सही झाली की वर्षभर बांधलेला. म्हणून त्या आठवड्यात एकमेकांची पोरं पळवायचा खेळ चाले. बुरुज तालमीनं एकदा आमचा गोलकीपर नव्या मोटारसायकलवर बसवून नेला होता, तो सही करूनच परत आला. तेव्हापासून आप्पा सगळ्या पोरांना आठवडाभर पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका शेतावर नेऊन ठेवत. फोन काढून घेऊन पिठाच्या डब्यात टाकायचे आणि शेवटच्या दिवशी टेम्पोत घालून थेट कचेरीत न्यायचं. इकडं गल्लीत कुणी परका विचारत आला, तर कुणालाच काही ठाऊक नसे.

त्या दिवशीही गल्लीनं आपलं काम चोख केलं. टेलर शिंदेंनी त्या माणसाला सांगितलं की इंद्रजित दुबईला गेला. गिरणीवाल्यानं त्याचं निपाणीला लग्न लावून दिलं आणि घरजावई करून टाकलं. पानपट्टीवाल्यानं तर उलट विचारलं, "फुटबॉल? आमच्या गल्लीत? न्हाई ओ, आम्ही कॅरमवाली माणसं."

दुपारी मी दार लोटायला गेले, तर तो माणूस समोरच्या कट्ट्यावर बसलेला. ऊन त्याच्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं, तरी सरकला नव्हता. आई आत आडव्या झाल्या होत्या. मी तांब्याभर पाणी नेऊन दिलं.

"तुम्ही त्यांच्या वहिनी?" पाणी पिऊन त्यानं विचारलं.

मी तांब्या परत घेतला.

"मी गांवकर. गोव्यातून आलोय." त्यानं खिशातून कार्ड काढलं. त्यावरच्या क्लबाचं नाव मी टीव्हीवर ऐकलं होतं. "मागच्या अंतिम सामन्याला मी सिमेंटच्या पायरीवर बसून होतो. तुमच्या लोकांनी माझ्या शर्टाची वाट लावली गुलालानं. धुतला तरी गुलाबीच आहे. पण पोरगा बघून गेलो. दोनदा परत आलो, चोरून सराव बघितला. आता वरून हो म्हणालेत."

"म्हणजे काय?"

"म्हणजे पगार, राहणं, जेवण, डॉक्टर. पण आमची यादी आज संध्याकाळी बंद होते. आणि उद्या त्यांनी इथं सही केली, तर ते वर्षभर इथंच अडकले. पुढच्या वर्षी साहेबांना दुसराच कुणीतरी आवडेल."

"तुम्ही बुरुजाचे नव्हे?"

"कसला बुरुज?" त्यानं इतक्या भाबडेपणानं विचारलं की मला हसूच आलं. पोरगं बुरुजवाल्यांपासून लपवता लपवता आम्ही ते कुणापासून लपवत होतो, ते माझ्या ध्यानात आलं.

मी आत जाऊन नवऱ्याला फोन लावला. संग्राम फौंड्रीत होता. मागं यंत्रांचा खडखडाट.

"आप्पांना विचारल्याशिवाय काही करू नकोस," तो म्हणाला.

"आप्पांचा फोन पिठाच्या डब्यात आहे."

"मग थांब."

"थांबले तर उद्या सही होईल."

"मीनल, मी काय सांगू. माझं ऐकून तू आजवर काय केलंयस?" आणि हळूच म्हणाला, "इंद्याचं चांगलं व्हायला पाहिजे बघ."

वळले तर आई माझ्या मागंच उभ्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्या माझ्या अंगावरून पुढं दारात गेल्या आणि गांवकरांना म्हणाल्या, "ओ पाव्हणं. पोरास्नी खायला काय घालता?"

गांवकर गडबडून उभे राहिले. "भात, मासे, चिकन, अंडी. दूध असतं सकाळी."

"भाकरी?"

"चपाती असते."

"भाकरी न्हाई म्हणजे." आई विचारात पडल्या. "त्याला आजारात पेज लागती. गूळ घालून. कोण देईल?"

"मी सांगेन मेसवाल्याला."

आईंनी त्यांना पुन्हा एकदा नखशिखांत न्याहाळलं. मग माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "सईला टोपी घाल. पन्हाळ्याकडं वारं असतंय."

गांवकरांच्या भाड्याच्या गाडीत बसताना सगळी गल्ली बघत होती. शिंदे टेलर हातात कात्री घेऊन बाहेर आले. "मीनल वहिनी, कुठं निघालासा?" मी म्हटलं, "सईला वारं दाखवायला." पुढं बोलले असते तर रडूच फुटलं असतं. पेठेची सून परक्या माणसाला घेऊन पेठेची पोरं जिथं लपवलीत तिथं चालली होती. याला पेठेत काय म्हणतात ते मला ठाऊक होतं.

शेताच्या फाटकावर गजाभाऊ बसले होते. एके काळी इंद्रजितच्या जागी तेच खेळायचे. त्यांचा गुडघा गेला तेव्हा पेठेनं वर्गणी काढून ऑपरेशन केलं, अगदी मायेनं केलं, पण त्यापुढं त्यांनी काय करायचं हे कुणालाच सुचलं नाही. आता ते रिक्षा चालवत आणि नोंदणीच्या आठवड्यात फाटक सांभाळत.

"वहिनी? तुम्ही? हितं?"

"फाटक उघडा, भाऊ."

"आप्पांनी सांगितलंय, देव आला तरी उघडायचं न्हाई."

"देव नाही, नात आलीय."

गजाभाऊंनी सईकडं पाहिलं. सईनं त्यांच्याकडं बघून जांभई दिली. "नातीचं काय बोललं न्हाईत ते," म्हणत त्यांनी कडी काढली. मग गांवकरांना हात आडवा केला. "ह्यो कोण?"

"हा नातीबरोबर आहे."

आप्पा आंब्याखाली बाजेवर बसले होते. पलीकडं पोरं खेळत होती, शिव्या आणि हसणं एकत्रच ऐकू येत होतं. आप्पा ओरडले नाहीत. माझ्या हातून सईला घेतलं, टोपी नीट केली आणि मग म्हणाले, "कुणाला घेऊन आलीयास, पोरी?"

मी सांगितलं. उरलेलं गांवकरांनी सांगितलं. आप्पांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. संपल्यावर त्यांनी शिट्टी मारली आणि इंद्रजितला बोलावलं. तो चिखलाच्या पायांनी येऊन उभा राहिला. त्याच्यासाठी गांवकरांनी सगळं परत सांगितलं. इंद्रजित खाली मान घालून अंगठ्यानं माती उकरत होता, पण त्याचे कान लाल झाले होते.

"पगार किती ते मी विचारत न्हाई," आप्पा म्हणाले. "पाय मोडला तर काय?"

"क्लबाचा डॉक्टर बघतो."

"आणि पगार?"

"करार असेपर्यंत चालू राहतो. लिहिलेलं आहे."

आप्पांनी फाटकाकडं पाहिलं. गजाभाऊ चांगल्या पायावर भार टाकून कुंपणाला टेकले होते. "लिवलेलं हाय," आप्पा स्वतःशीच म्हणाले. "दाखवा बघू कागद."

चष्मा लावून ते एकेक ओळ वाचत गेले. इंग्रजी सावकाश, बोट ठेवून. पोरं खेळ टाकून भोवती जमली होती. एका जागी आप्पांचं बोट थांबलं.

"हितं आधीचा क्लब म्हणून हाय. आणि फुडं नुसती रेघ मारलीया."

"ते तसंच ठेवायचं," गांवकर म्हणाले.

"का बरं?"

गांवकरांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. "आप्पा, नियम असा आहे. पोरगा पहिल्यांदा व्यावसायिक झाला की ज्या क्लबानं त्याला घडवला, त्याला घडवण्याचा खर्च द्यायचा. जितकी वर्षं घडवला तितक्या वर्षांचा. नाव घातलं की तुमचा हक्क लागतो."

"मग चांगलाच नियम हाय की."

"चांगलाच आहे. म्हणूनच आमचे साहेब आधीचा क्लब नसलेली पोरं शोधतात."

कुणीतरी मागून हसलं आणि गप्प झालं.

"पर हा जिल्ह्याला नोंदलेला हाय," आप्पा म्हणाले. "दरसाल मी सही करून घेतोय."

"ती नोंद देशाच्या संघटनेच्या संगणकापर्यंत पोचत नाही. तिथं याचं नाव कोरं आहे."

आता पोरांत कुजबुज सुरू झाली. "आप्पा, सोडू नका," कुणी म्हणालं. "हक्काचं हाय." दुसरा म्हणाला, "दोन वर्सं वर्गणी काढाय नको." मलाही वाटलं, आप्पा आता भाव करतील. केला असता तरी त्यांचं काही चुकलं नसतं.

आप्पांनी चष्मा काढला. "आम्हाला पैसं नकोत," ते म्हणाले. "मी लिवून देतो. रुपाया नको. नाव तेवढं घाला."

गांवकरांना हे अपेक्षित नव्हतं. ते बाजेच्या कडेला टेकले. "तुम्ही मागणार नाही, मला पटतं. पण उद्या तुमची कमिटी बदलेल, कुणीतरी वकील गाठेल. आमचे एकदा हात पोळलेत. नाव दिसलं की वरचे लोक कागद बाजूला सारतात आणि दुसऱ्या गावचा पोरगा उचलतात. मी तुम्हाला फसवत नाही, आप्पा. तुम्ही म्हणाल तर मी नाव लिहीन, पण मग हा जाणार नाही."

"कुणी घडवला म्हणायचं मग ह्याला?" आप्पांचा आवाज चढला नव्हता. ते सईशीच बोलल्यासारखं बोलत होते. "पाटलाच्या गोठ्यावर रोज पयली धार ह्याच्या पेल्यात पडायची. पयला बूट चप्पल लाइनीतल्या सातपुत्यानं शिवला, मापाचा मिळंना म्हणून. पाय मुरगाळला की मुल्ला चाचा नमाज आटपून पाय चोळाय यायचा. धाव्वीत गणितात गचकला, तर कुलकर्णी बाई घरला येऊन बसायच्या. गजानं आपल्या ह्या असल्या पायानं ह्याला डाव्या पायाची किक शिकवली. आन् ह्यो कुठनं आला म्हणून लिवायचं? आभाळातनं पडला?"

गजाभाऊ कुंपण सोडून जवळ आले होते.

"नाव नसंल तर मी जात न्हाई," इंद्रजित म्हणाला.

"तू गप."

"खरंच न्हाई जात, आप्पा. हितंच खेळतो की. काय वाईट हाय?"

"तुला बोलाय सांगितलंय कुणी? तुझं काम खेळायचं." आप्पा पुन्हा गजाभाऊंकडं बघत होते, त्यांच्या तोंडाकडं नाही, गुडघ्याकडं. मग त्यांनी सईला माझ्याकडं दिलं, गांवकरांच्या खिशातलं पेन स्वतःच काढलं आणि इंद्रजितच्या हातात ठेवलं.

"कर सही."

"आप्पा…"

"कर म्हणतोय न्हवं. गजा, पिठाचा डबा आण. ह्याचा फोन ह्याला दे."

गजाभाऊ डबा घेऊन आले. फोन काढून त्यांनी आपल्या शर्टाला पुसला, पुसतच राहिले. इंद्रजितनं सही केली आणि तिथंच खाली बसून डोकं गुडघ्यात घातलं. आप्पांनी शिट्टी वाजवली आणि बाकीच्या पोरांना म्हणाले, "तुमचं काय लगीन हाय काय हितं? चला, पळा."

दुसऱ्या दिवशी इंद्रजितशिवाय नोंदणी झाली. पेठेत आधी माझं नाव झालं. साळोख्यांच्या सुनेनं पोरगं गोव्याला विकलं म्हणे. आप्पांच्या कानावर गेलं तेव्हा ते भर चौकात थांबून म्हणाले, "सुनेनं न्हवं. मी दिलाय." त्यानं माझी सुटका झाली, पण बोट त्यांच्याकडं वळलं. गोव्याचा एवढा मोठा क्लब, तालमीला एक पैसा नाही, मग गेला कुणाच्या खिशात? गिरणीत पीठ घ्यायला गेले तर बायका बोलायच्या थांबायच्या. शिंदे टेलर आप्पांना रामराम घालेनासे झाले. त्या हंगामात बुरुजानं आम्हाला पहिल्याच फेरीत घरी पाठवलं, तशी एका सकाळी आप्पांनी शिट्टी धुऊन, पुसून दुसऱ्याच्या हातात दिली. शेतावरची पोरं खरं काय झालं ते सांगत होती, पण विसाव्या वर्षाच्या पोरांचं कोण मनावर घेतंय? आणि आप्पा स्वतः काही बोलत नव्हते. मी एकदा म्हटलं, तुम्ही सांगा ना सगळ्यांना. ते म्हणाले, "काय सांगू? आमचं नाव घातलं न्हाई म्हणून सांगू?"

थंडीत एकदा इंद्रजितचा फोन आला. येत्या शनिवारी तो पहिल्यांदा मैदानात उतरणार होता, टीव्हीवर दिसणार होता.

तालमीत बायका जात नाहीत, म्हणून गजाभाऊंनी पडदा बाहेर, गल्लीतच बांधला. दिवेलागणीला पाहिलं तर सगळी गल्ली सतरंज्यांवर येऊन बसलेली. पाटील होते, काठी टेकत मुल्ला चाचा होते, कुलकर्णी बाई खुर्ची घेऊन आल्या होत्या. शिंदे टेलरही आले, पण पार मागं दुकानाच्या फळीवर बसले. आप्पा मुद्दाम कडेला बसले होते. आई त्यांच्या शेजारी आणि मी सईला घेऊन त्यांच्या मागं.

खेळाडू ओळीनं बाहेर आले. इंद्रजित दिसला तशी पोरांनी शिट्ट्या मारल्या, आईंनी पदर तोंडाला लावला. त्याचा चेहरा पडदाभर झाला आणि खाली पट्टी आली. नाव. जन्मगाव. उंची. आधीचा क्लब, आणि त्यापुढं एक आडवी रेघ.

शिट्ट्या हळूहळू थांबल्या. तेवढं इंग्रजी गल्लीत बहुतेकांना वाचता येत होतं. मागून शिंदे टेलरांचा आवाज आला, "ह्यो काय प्रकार? आपलं नावच न्हाई?" त्यावर एक पोरगा शांतपणे म्हणाला, "तेच सांगत हुतो नव्हं का तुम्हाला, एवढं दिवस." मी वळून पाहिलं. शिंदे फळीवरून उतरले होते आणि आप्पांच्या पाठीकडं बघत नुसते उभे होते.

आईंना इंग्रजी अक्षरं लागत नव्हती. त्यांनी आप्पांना कोपरानं ढोसलं. "काय लिवलंय वो तिथं?"

आप्पा पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "पिंपळकट्टा तालीम."

आसपास ऐकणारे होते. कुणी हूं की चूं केलं नाही.

आईंनी डोळे बारीक करून पट्टीकडं पाहिलं. "एवढ्याशा रेघंत?"

"दाटीवाटीनं बसवलंय," आप्पा म्हणाले. "सरक जरा, सईला दिसू दे."